आयलीचं रक्त

रक्त द्यायला आयली कांगास तिचा निळा कोट घालून गेली. एरवी तो कोट ईस्टरला बाहेर निघायचा, नाहीतर कुणाच्या मयताला. पण काम तोइवोचं होतं, तेव्हा नीटनेटकं जायला हवं, असं तिला वाटलं.

साल होतं नव्याण्णव. कोरियाच्या लढाईत हरवलेल्या पोरांच्या घरच्यांना अमेरिकी लष्करानं डुलुथच्या एका हॉटेलात बोलावलं होतं. पन्नासेक माणसं, सगळी पिकल्या केसांची. आयली हार्लनहून दीड तास गाडी हाकत आली होती. हार्लन म्हणजे वर उत्तरेला, लोखंडाच्या खाणींचं, फिनिश लोकांचं गाव. तिची थोरली बहीण लेम्पी डुलुथलाच राहायची, ती सोबत म्हणून येऊन बसली.

गणवेशातल्या एका तरुण बाईनं समजावून सांगितलं. उत्तर कोरियानं हाडांची खोकी परत केली आहेत. एकेका खोक्यात चार-चार, पाच-पाच जणांची हाडं मिसळलेली. नावं नाहीत. पण प्रत्येक हाडात एक डीएनए असतो, मायटोकॉन्ड्रियल म्हणतात त्याला, तो फक्त आईकडून येतो. आई तो सगळ्या लेकरांना देते, मुलींकडून पुढं जातो, मुलग्यांपाशी थांबतो. बापाचा त्यात काडीचा संबंध नाही. "म्हणजे तुमच्या भावाच्या हाडात जो धागा आहे, तोच तुमच्या रक्तात आहे," बाई म्हणाली. "तुमचं रक्त मिळालं की आम्ही ताडून बघू."

आयलीनं बोट पुढं केलं. ती बासष्ट वर्षांची होती, तिनं लग्न केलं नव्हतं, आणि आपल्या अंगात कुणाच्या उपयोगाचं काही आहे, हे तिला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. बाईनं लेम्पीकडं वळून विचारलं, "तुम्ही पण देता का? दोन असले तर बरंच."

"एकीचं पुरे," लेम्पी म्हणाली. "मला सुई बघूनच गरगरतं."

तोइवो गेला तेव्हा एकोणीसचा होता. पन्नास सालच्या नोव्हेंबरात, कुठल्याशा गोठलेल्या तळ्याकाठी त्याची तुकडी कापली गेली आणि तो ना मेलेल्यांत सापडला, ना पकडलेल्यांत. आयली तेव्हा तेरा वर्षांची. बाप चार वर्षांआधीच खाणीतल्या अपघातात गेलेला. तोइवो जाताना आयलीला म्हणाला होता, "माझ्या स्की सांभाळ गं, आयली. लेम्पीच्या हाती देऊ नकोस, ती विकून खाईल." आयली दर वर्षी त्या स्कींना मेण लावायची.

आई, हिल्या कांगास, कडक बाई. मुलगा येणार, हे तिनं ठरवून टाकलं आणि त्या ठरवण्याला आयलीला बांधून घातलं. लेम्पी एका लाकूड-व्यापाऱ्याशी लग्न करून डुलुथला गेली. आयलीलाही एकानं विचारलं होतं, शाळेत शिकवायचा, बरा माणूस होता. हिल्या म्हणाली, "जा की. तोइवो येईल आणि रिकामं घर बघेल. मी काय, आज आहे उद्या नाही." त्यानंतर ती चांगली तीस वर्षं जगली. शेवटची एकोणीस वर्षं अंथरुणाला खिळून. आयली दिवसा सरकारी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात राबायची आणि उरलेला सगळा वेळ आईच्या खाटेशी. कूस बदल, चादर बदल, पाठीला पावडर लाव. हिल्या कधी बरं बोलली नाही. म्हणायची, "तुझे हात खरखरीत आहेत. लेम्पीचे मऊ." लेम्पी वर्षातून दोनदा यायची, नाताळला आणि आईच्या वाढदिवसाला.

रक्त देऊन आल्यावर दर वर्षी लष्कराचं पत्र येऊ लागलं. भाषा सभ्य, मजकूर एकच. अजून जुळलं नाही, प्रयत्न चालू आहेत. दर पत्राला आयली लेम्पीला फोन करायची. लेम्पी म्हणायची, "मी सांगितलंच होतं. कशाला जिवाला लावून घेतेस?" अशी अकरा वर्षं गेली.

अकराव्या वर्षी डॉर्सी नावाच्या माणसाचा फोन आला. निवृत्त सार्जंट, आता हेच काम बघायचा. एकेक शब्द जपून टाकणारा. म्हणाला, "मिस कांगास, भरती होताना पोरांच्या छातीचे एक्स-रे काढायचे, क्षयासाठी. ते जुने एक्स-रे सापडलेत. गळ्याखालचं हाड प्रत्येकाचं वेगळं असतं. आमच्याकडच्या एका सांगाड्याचं हाड तुमच्या भावाच्या एक्स-रेशी जुळतंय. दातही जुळतायत."

आयली खुर्चीत बसली. "म्हणजे सापडला?"

"अजून तसं म्हणता येत नाही. एक अडचण आहे. आईकडच्या दुसऱ्या कुणाचं तरी रक्त हवंय."

"माझं संपलं का? मी परत देते."

डॉर्सी म्हणाला, "तुमच्या बहिणीचं मिळालं तर जास्त बरं."

लेम्पीनं आधी तब्येतीचं कारण काढलं, मग पाहुण्यांचं. शेवटी डॉर्सी स्वतःच तिच्या घरी जाऊन थडकला. त्या दिवशी तिचा मुलगा ग्लेन घरात होता, स्वतः लष्करात वीस वर्षं काढलेला. त्याच्यासमोर तिला नाही म्हणता येईना. आणि सुई बघून तिला काही गरगरलंबिरगरलं नाही.

तीन महिन्यांत निकाल आला. भावंडांत हयात थोरली लेम्पी, म्हणून कागद तिच्या नावे, आणि बैठकही तिच्याच घरी. आयलीनं आदल्या दिवशी पुल्ला केला, वेलदोड्याचा गोड पाव, तोइवोला आवडायचा तसा वर जाड साखर पेरून. निळा कोट घालून ती डुलुथला गेली. लेम्पीच्या दिवाणखान्यात टेबलावर जाडजूड फाइल होती. डॉर्सी उठून उभा राहिला, तिचा हात त्यानं जरा जास्तच वेळ हातात धरला.

"मिस कांगास, आधी दोन मिनिटं बाजूला बोलू या का आपण?"

"बाजूला कशाला?" लेम्पी म्हणाली. "इथं परकं कोण आहे? वाचा तुम्ही."

डॉर्सीनं वाचलं. कुठल्या खोक्यातून काय निघालं, कवटीचा किती भाग, उजवी मांडी, फासळ्या. गळ्याखालचं हाड. ग्लेन मान खाली घालून ऐकत होता. मग डॉर्सी एका पानावर आला. त्यावर तीन ओळी होत्या, अक्षरं आणि आकडे. पहिली ओळ हाडाची, दुसरी लेम्पीची, तिसरी आयलीची. पहिल्या दोन सारख्या होत्या. तिसरी वेगळी होती, हे बघायला कुणी शिकलेलं असण्याची गरज नव्हती.

"माझं खराब झालं का?" आयलीनं विचारलं. "गाडीत उन्हात राहिलं असेल."

"आम्ही दोनदा तपासलं. खराब नाही झालं. ते दुसऱ्या आईच्या ओळीतलं आहे."

आयली त्या पानाकडं बघत राहिली. मग तिनं जे विचारलं, त्याची डॉर्सीला अपेक्षा नव्हती. "हे खोकं तुमच्याकडं कधी आलं?"

"त्र्याण्णवमध्ये."

"आणि याचं हाड तपासलं कधी?"

"दोन हजार साली."

"तेव्हा माझ्या रक्ताशी ताडून बघितलं?"

"हो."

"मग काय झालं?"

डॉर्सीनं चष्मा काढला. "तुमच्याशी जुळलं नाही. म्हणून तो तोइवो कांगास नाही, असं धरलं गेलं. त्या हाडांच्या संभाव्य नावांच्या यादीतून त्याचं नाव कमी झालं."

"म्हणजे माझ्यामुळं तो दहा वर्षं फळीवर पडून राहिला."

"तुमची त्यात काही चूक नाही, मॅडम."

"कॉफी गार होतेय," लेम्पी म्हणाली.

ग्लेन डॉर्सीला सोडायला बाहेर गेला आणि बराच वेळ परत आला नाही. दोघी बहिणी टेबलाशी बसून राहिल्या.

"तुला माहीत होतं," आयली म्हणाली.

"मी चार वर्षांची होते. चार वर्षांच्या पोरीला आईचं पोट दिसतं." लेम्पीनं कॉफीत दूध घातलं. "आईचं बाळ फेब्रुवारीत गेलं. जमीन गोठलेली, पुरता येईना. खोक्यात घालून लाकडाच्या खोपीत ठेवलं होतं, बर्फ वितळेपर्यंत. आणि ते तिथं असतानाच मार्चमध्ये बाबा तुला कोटाच्या आत घालून घेऊन आले."

"कुणाची?"

"सायमाची. खाणवाल्यांच्या खानावळीत रांधायची. नंतर धुणं घ्यायची बघ, ती."

आयली सायमाला ओळखत होती. सगळं हार्लन ओळखत होतं. उंच, वाकलेली, हात कोपरापर्यंत लाल. आयली पंधरा वर्षांची झाली, चर्चमध्ये तिची दीक्षा झाली, त्या दिवशी ही बाई मागच्या दारी आली होती, हातमोज्यांची जोडी घेऊन. स्वतः विणलेली. हिल्यानं आयलीलाच दाराशी पाठवलं. "सांग तिला, आम्ही भिकारी नाही." आयलीनं तसंच सांगितलं. शब्दाला शब्द.

आणि पुढं एक्याऐंशी साली सायमा म्हातारी होऊन वृद्धाश्रमात आली. आयली जेवणाचं ताट द्यायला गेली की मनगट धरून ठेवायची. बोलायची नाही, नुसती धरायची. बाकीच्या बायका चिडवायच्या, "आयली, तुझं माणूस आलं बघ." आयलीला ते नको व्हायचं. घरी एक म्हातारी, इथं दुसरी. तिनं मुख्य बाईंना सांगून आपली पाळी दुसऱ्या मजल्यावर बदलून घेतली. सायमा त्याच हिवाळ्यात गेली. ती गेल्याचं आयलीला दोन दिवसांनी कळलं, एक ताट कमी झालं तेव्हा.

"बाबांची तरी होते का मी?"

"आई म्हणायची, हो. म्हणून तर तुझं तोंड बघून तिच्या कपाळाला आठी पडायची. सायमानं कधी तोंड उघडलं नाही. बाबांना खाणीनं गिळलं. आता कुणाला विचारणार?"

"नव्याण्णव साली तू माझ्या शेजारी बसली होतीस. बोटातनं रक्त काढत होते तेव्हा."

"होते."

"का नाही बोललीस?"

"तू केवढी खूष होतीस. आणि मला वाटलं, सापडतोय कुठला."

"दहा वर्षं, लेम्पी."

"मेलेल्याला कसली घाई असते?"

आयलीनं टेबलाची कड धरली. "आई होती तेव्हा तरी सांगायचं."

"आईनं बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तू राहिली असतीस? एकोणीस वर्षं तिचं हगणंमुतणं कुणी काढलं असतं? मी? मला तीन पोरं होती." लेम्पीच्या आवाजात राग नव्हता. उन्हाळ्यात कुणी बर्फ का नाही पडत विचारावं आणि त्याला उत्तर द्यावं, तशी ती बोलत होती. "तुला अन्न मिळालं, नाव मिळालं. सायमापाशी काय मिळालं असतं? साबणाचं पाणी."

"तोइवोला?"

"त्याला माहीत होतं. सहाचा होता तो. म्हणून तर तुझे एवढे लाड. कीव यायची त्याला. बाबांनी कोटातून कुत्र्याचं पिल्लू काढलं असतं तरी त्यानं तेवढेच केले असते."

त्या दुपारभरात आयलीला हे एकच वाक्य खरोखर लागलं. बाकीचं कळायला दिवस जाणार होते. तिनं उठून कोट घातला. लेम्पी दारापर्यंत आली आणि पुल्ल्याची पिशवी तिच्या हातात परत दिली. "घेऊन जा. मला डॉक्टरनं साखर बंद केलीये."

सप्टेंबरात तोइवोला हार्लनला आणलं. वर्तमानपत्रात बातमी आली: साठ वर्षांनी वीर घरी. खाली नावं होती. मागं बहीण लेम्पी, तिची तीन मुलं, सात नातवंडं. आयलीचं नाव नव्हतं. ग्लेननं फोन केला, "मावशी, मजकूर आईनं दिला होता. मी आधी वाचला असता तर…"

मयताची व्यवस्था बघणारा नीमी आयलीचा शाळासोबती. ती आदल्या दिवशी त्याच्याकडं गेली. तो हात पुसत बाहेर आला, तिच्याकडं न बघता म्हणाला, "आयली, लेम्पीनं लिहून दिलंय. फक्त जवळच्या नातेवाइकांना बघू द्यायचं."

"बरं," आयली म्हणाली. पण ती हलली नाही. नीमीनं घड्याळ बघितलं, मग रस्त्यावर कुणी आहे का बघितलं. "पाव तास. मी मागं आहे."

पेटीत नवा कोरा गणवेश झोपवला होता, बटणं लावून, पदकं लावून. खाली हिरवी घोंगडी, पिनांनी बंद. घोंगडीत तोइवो. लहान पोराएवढी गुंडाळी होती. आयलीनं घोंगडीवर हात ठेवला. आत काहीतरी कठीण लागलं. काय बोलावं हे ती वाटेत ठरवत आली होती, पण तोंडून निघालं ते एवढंच: "मी नसते गेले तर तू लवकर आला असतास."

दुसऱ्या दिवशी सैनिकांनी बंदुका झाडल्या, झेंड्याची त्रिकोणी घडी केली आणि एका पोरसवदा अधिकाऱ्यानं गुडघ्यावर बसून ती लेम्पीच्या मांडीवर ठेवली. आयली मागं शेजाऱ्यांत उभी होती. हिल्याच्या शेजारची जागा आयलीसाठी धरून ठेवलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोइवोला तिथं ठेवलं. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. लेम्पीभोवती माणसं होती. तिनं मान उंचावून आयलीला शोधलं आणि हाक मारली, "आयली, किटली रिकामी झालीये गं."

आयलीनं किटली भरली. पन्नास वर्षांत तिचे हात दुसरं काही शिकले नव्हते. भरून ठेवली आणि घरी गेली.

ऑक्टोबरात ती सरकारी कचेरीत गेली. बेवारशी मेलेल्यांच्या नोंदी तिथं असतात. कारकून बाईनं जुनं रजिस्टर काढलं आणि सायमाचं नाव सापडलं. वृद्धाश्रमाच्या मागच्या जमिनीत, क्रमांक दोनशे सोळा.

"मला तिथं दगड बसवायचाय," आयली म्हणाली. "नावाचा."

"तो फक्त नातेवाइकांना बसवता येतो. तुमचं नातं काय?"

"मुलगी."

"जन्माचा दाखला?"

दाखल्यावर हिल्याचं नाव होतं. आयलीनं लष्कराच्या फाइलमधल्या त्या पानाची, डॉर्सीकडून मागवून घेतलेली प्रत पुढं केली. बाईनं नीट वाचलं, वाईट नव्हती ती. "यात तुम्ही कुणाच्या नाही, ते लिहिलंय. कुणाच्या आहात, ते नाही लिहिलेलं."

"मग खणून काढा तिला. तिचं हाड आणि माझं रक्त ताडून बघा."

"त्यालाही आधी नातेवाइकाची सही लागते," बाई म्हणाली आणि जरा थांबून, "कुणी साक्षीदार आहे का? ज्याला माहीत होतं असं? दोन ओळी लिहून दिल्या तरी चालतील."

आयलीनं लेम्पीला फोन केला. दोन ओळी, एवढंच मागितलं. त्या वर्षात तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"आईची शपथ आहे," लेम्पी म्हणाली.

"मला सांगितलंस तेव्हा मोडली नाहीस?"

"बोलणं वेगळं. लिहिणं वेगळं. कांगासांचं नाव त्या धुणेवालीच्या दगडाशी मी बांधणार नाही. माझ्या नातवंडांना शाळेत कोण काय विचारेल?" मग तिचा आवाज मऊ झाला. तोच मऊपणा, जो हिल्याला आवडायचा. "सोडून दे, आयली. तुझं तरी आता किती राहिलंय?"

फेब्रुवारीत लेम्पी झोपेतच गेली. ग्लेननं आयलीला पहिल्या रांगेत, आपल्या शेजारी बसवलं. तिनं त्याला विचारलं, आई जाण्याआधी काही लिहून गेली का. त्यानं घर धुंडाळलं. झेंडा होता, फाइल होती, वाणसामानाच्या याद्या होत्या.

बर्फ गेल्यावर, मेच्या पहिल्या आठवड्यात, आयली वृद्धाश्रमाच्या मागच्या जमिनीत गेली. क्रमांकांचे बिल्ले गवतात रुतलेले होते, कित्येक गंजून कोरे झालेले. दोनशे पंधरा सापडला. त्याच्या डावी-उजवीकडं एकेक बिल्ला होता आणि दोन्हींवर काही वाचता येत नव्हतं. आकडे कुठल्या बाजूला वाढत गेलेत हे सांगणारा दुसरा बिल्ला उरला नव्हता, तेव्हा त्यातला दोनशे सोळा कुठला, हे तिला ठरवता येईना. ती दोन्हींच्या मधोमध उभी राहिली.

गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून आला. "इथं काही लावू नका हं, बाई. पात्यात अडकतं."

"नाही लावत."

"कुणी होतं का तुमचं?"

आयलीनं तोंड उघडलं. आई हा शब्द तिच्या जिभेवर आला, पण त्याला चेहरा हिल्याचा होता. त्र्याहत्तर वर्षं एकच चेहरा होता त्याला.

"गावात धुणं घ्यायची," ती म्हणाली.

माणसानं मान हलवली, यंत्र चालू केलं आणि तिला वळसा घालून पुढच्या रांगेला लागला.